बेटावरची हाक

करंजवाडीत भित्रा माणूस शोधायला कुणाला लांब जावं लागत नसे. पुंजाराम होता की. कोंबडं अवेळी आरवलं की हा गोधडीत, मांजर आडवं गेलं की हा अर्ध्या वाटेतून घरी. सापाला सगळेच भितात, पण सापाच्या कातेला भिणारा हा एकटाच. आता खोटं कशाला बोला, गावानं त्याची टवाळी करायची एकही संधी सोडली नाही. पण फॉरेस्टचे साहेब धरणातल्या बेटासाठी राखणदार शोधत आले आणि "चांगला छातीचा माणूस द्या" म्हणाले, तेव्हा आप्पासाहेब पाटलांनी पुंजारामचंच नाव सांगितलं.

"साहेब, छातीचा मानूस रान तोडतो," पाटील म्हणाले. "राखायला भिनाराच पायजे."

बेट म्हणजे काय, तर एका डोंगराचं डोकं. अकोले तालुक्याच्या पार पश्चिमेला धरणाचं पाणी अडलं, डोंगर बुडाला आणि डोकं तेवढं वर राहिलं. काठापासून माथ्यापर्यंत तासाभराची चढण. मधल्या सपाटीवर रानजाई देवीची राई. तिथं देऊळ नाही, शेंदूर फासलेली एक शिळा आहे आणि भोवती हिरडा, जांभूळ, आंबा, सगळी जुनी झाडं. राईच्या तोंडाशी वहाणा काढायच्या. आतलं काही बाहेर आणायचं नाही, वाळलेली काटकीसुद्धा नाही. बहात्तरच्या दुष्काळात सारा मुलूख बोडका झाला, माणसं खडी फोडायला गेली, चुलीत घालायला काडी मिळेना. तेव्हाही बेटावर कुणी कोयता नेला नाही. फॉरेस्टनं 'राखीव' म्हणून पाटी लावली ती देवीच्या फार मागाहून. राखायचं काम देवी आधीपासून करतच होती.

पुंजारामच्या भीतीला कारण होतं, आणि ते टवाळी करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. तो सात वर्षांचा असताना बाप त्याला घेऊन तराफ्यावरून बेटावर गेला. राईत हिरड्यांचा सडा पडला होता. "पडल्यालंच उचलायचं, त्याला काय हुतंय," असं म्हणून बापानं धोतराच्या सोग्यात हिरडे भरले. तेवढ्यात वरून हाक आली. बापानं "ओ" दिली, पोराला म्हणाला, "तू हितंच बस," आणि धुक्यात चढून गेला. तिसऱ्या दिवशी तो कड्याखाली सापडला. सोग्यात हिरडे तसेच होते. हाक कुणाची होती ते शेवटपर्यंत कळलं नाही. गाव म्हणालं, चकवा. चकवा ओळखीच्या आवाजात हाक मारतो, ओ दिली की वाट चुकवतो आणि नको तिथं नेऊन सोडतो. पुंजारामनंही ती हाक ऐकली होती. चाळीस वर्षं होत आली, पण तो आवाज त्याच्या कानातून गेला नव्हता.

असल्या माणसाला बायको मिळाली भागूबाई. देवाचीही कमाल आहे. ही बाई कडेला उभी राहून कड्याच्या पोटातला मध बघायची, विंचू दिसला तर वहाणेनं चेचून भाकरी थापायला परत बसायची. लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा पुंजारामला चुलत्यानं चांगला उखाणा पाठ करून दिला होता:

डोंगराच्या कडेला करवंदाची जाळी,
भागूबाईचं नाव घेतो सांजेच्या वेळी.

सारं गाव दाराशी गोळा झालेलं. पुंजारामनं पहिली ओळ म्हटली आणि दुसरी पार विसरला. घाम फुटला. समोर नवी नवरी, मागं चुलता, आणि डोक्यात नुसती करवंदाची जाळी. शेवटी त्याच्या तोंडून निघालं, "डोंगराच्या कडेला करवंदाची जाळी... जाळीत वाघ असंल, मला भ्या वाटतंय, भागूबाई."

लोक हसून हसून खाली बसले. नवरीनं पदर तोंडात कोंबला, तरी तिचं हसू बाहेर आलंच. त्या दिवसानंतर पुंजारामनं बायकोचं नाव पुन्हा तोंडात घेतलं नाही. "अगं ए" नाहीतर, पोरगा झाल्यावर, "सोपानची आय". तिनंही त्याचं नाव कधी घेतलं नाही. त्या काळी कोण घेत होतं म्हणा.

बेटाची नेमणूक एकाची, पण राखण दोघांची. तो एकटा जायलाच तयार नव्हता. वल्हं तो मारी, पण बेटावर पाऊल टाकलं की पुढं ती आणि मागं हा. पहिल्याच दिवशी त्यानं राईच्या तोंडाशी तिला थांबवलं आणि तिच्याकडून वचन घेतलं.

"हितं एकटी असलीस आन् कुनी हाक मारली, तर ब्र काढायचा न्हाई. जागचं हलायचं न्हाई. आवाज माजा असला तरी न्हाई. मी तुज्यापातूर येईन, तोंड दावीन, मंग बोल."

"तुमी येनार?" तिनं विचारलं. तिला हसू येत होतं.

"येईन," पुंजाराम म्हणाला.

तिनं त्याच्या गळ्याची शपथ घेतली, कारण त्याशिवाय तो तिला सोडेना. ती स्वतः चकव्याला काही मानत नव्हती.

त्र्याहत्तरच्या भाद्रपदात बेटावरची कारवी फुलली. ही झुडपं सात वर्षं गुमान उभी असतात आणि मग एकदम सारा उतार जांभळा करून टाकतात. संगमनेरच्या कॉलेजात झाडाझुडपांचा विषय शिकवणारे राधाकृष्ण सर चार विद्यार्थ्यांना घेऊन आले, दोन मुलगे, दोन मुली. राजूरपर्यंत एसटी आणि तिथून पायी. सर भले माणूस होते. फॉरेस्टच्या ऑफिसातून त्यांनी रीतसर कागदही आणला होता.

पुंजारामनं होडीत बसण्याआधी सगळ्यांना नियम सांगितले. वहाणा कुठं काढायच्या, काय तोडायचं नाही, हाकेला ओ का द्यायची नाही. पोरं एकमेकांकडं बघून गालात हसली. त्यांचंही काय चुकलं? सांगणाराच बोलता बोलता सारखा मागं वळून बघत होता.

चढताना मात्र सगळे खूश होते. वाट कारवीतून जात होती, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर फुलं आणि मधमाश्यांचा नुसता गुणगुणाट. राईत एक शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर गेलं, त्याची तांबडी शेपूट बघायला एक चष्मेवाली मुलगी मान मोडेपर्यंत उभी राहिली. शिळेशी भागूबाईनं सगळ्यांना नमस्कार करायला लावला. माथ्यावरून चारी बाजूंना पाणी दिसत होतं, आणि पाण्याच्या पलीकडं घाटाचे डोंगर ढगात अर्धे बुडालेले. भागूबाईनं नाचणीची भाकरी आणि ठेचा सोडला. पुंजारामनं दोन घास खाल्ले. त्याची नजर सारखी त्या ढगांवर होती.

"चला, उतरायचं बगा," तो दर थोड्या वेळानं म्हणे.

तीन वाजता सगळे काठावर आले. होडीत बसताना एका मुलाची पिशवी उलटी झाली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली कारवीची फुललेली फांदी बाहेर पडली. पुंजारामच्या हातातलं वल्हं खाली आलं.

"ही कुटून आनली?"

"देवीच्या मागून," मुलगा म्हणाला. "सर, तुम्ही नमुना घ्या म्हणालात ना?"

सरांनी खिशातून कागद काढला. "परवानगी आहे, पुंजाराम. एका फांदीची आहे."

"कागद फॉरेस्टचा हाय, सर. आईचा न्हाई."

त्यानं कागदाकडं पाहिलंही नाही. डोळ्यांपुढं हिरड्यांनी भरलेला सोगा होता. फांदी बेटाबाहेर न्यायची म्हणजे होडी पाण्यात बुडणार, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. फांदी परत न्यायला हवी होती. राखणदार तो होता, नेणं त्याचं काम होतं. पण वर बघितलं तर घाटावरून धुकं पाण्यावर उतरायला लागलेलं. पुंजारामचे पाय जमिनीला चिकटले.

"तूच ठिवून ये," तो बायकोला म्हणाला. "तुला वाट ठावं हाय."

भागूबाईनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, फांदी उचलली आणि म्हणाली, "तंबाकूची चिमूट संपायच्या आत येते." पदर खोचून ती चढायलाही लागली.

चिमूट संपली. पुंजारामनं दुसरी मळली, तीही संपली. धुकं आधी माथ्यावर बसलं, मग राई गेली, मग वाट गेली, आणि शेवटी दहा पावलांवरची फॉरेस्टची पाटी दिसेनाशी झाली. चष्मेवाल्या मुलीनं घड्याळ पाहिलं आणि हात मागं घेतला.

"तास होऊन गेला," सर म्हणाले. "आपण सगळे मिळून शोधू."

"न्हाई," पुंजाराम म्हणाला. "धुक्यात सा जन शिरले तर सा जन हरवतील. तुमी हितंच ऱ्हावा. जेवनाचा डबा वाजवत बसा, थांबू नका. मला काठ कुटं हाय ते कळंल."

हे आपणच बोललो हे त्याला नंतर उमगलं. तोवर तो वाटेला लागला होता.

भीती कशी असते ते पुंजारामला विचारावं. कारवी दोन्ही बाजूंनी अंगाला लागत होती, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी हात लावतंय असं वाटून तो दचकत होता. मागून डब्याचा आवाज येत होता, टण, टण. राईच्या तोंडाशी त्यानं अंधूक उजेडात वहाणा काढल्या आणि पळतच शिळेशी गेला. फांदी शिळेपुढं नीट ठेवलेली होती. म्हणजे ती इथवर आली होती. मग गेली कुठं?

"अगं ए," त्यानं हाक मारली. "सोपानची आय."

उत्तर नाही. झाडांवरून थेंब पडत होते तेवढेच. तो राईच्या मागच्या बाजूला, कड्याकडं सरकला. तिथं कारवी दाट होती. पुन्हा हाक मारली. या वेळी मोठ्यानं, रडक्या आवाजात. आणि उत्तर म्हणून खालून कुठूनतरी एक दगड सुटला, गडगडत गेला आणि लांब पाण्यात पडला.

पुंजारामचा धीर सुटला. तो वळला आणि पळाला. हो, पळाला. झाडाला धडकला, कारवी मोडत, ठेचकाळत डब्याच्या आवाजाच्या रोखानं पळत सुटला. बापाला नेणारं तेच, आता तिलाही नेलं, आता मला नेणार, एवढंच डोक्यात.

राईच्या तोंडाशी त्याच्या पायाला काहीतरी लागून तो पडला. हातानं चाचपून बघितलं, तर भागूबाईच्या वहाणा. टाचेला झिजलेल्या, एकीचा अंगठा त्यानंच राजूरच्या बाजारातून शिवून आणलेला. शेजारी त्याच्या स्वतःच्या, घाईत उलट्यापालट्या टाकलेल्या. तिच्या मात्र नीट, राईबाहेर तोंड करून ठेवलेल्या, येताना पटकन पायात घालता याव्यात म्हणून.

तो तिथं बसला आणि ओक्साबोक्शी रडला. तिला वर पाठवणारा तोच होता. काम त्याचं, भ्या त्याचं, आणि गेली ती. डबा वाजतच होता. काठ खाली होता, होडी होती, पाच माणसं होती. पुंजारामनं डोळे पुसले, वहाणा तिथंच राहू दिल्या आणि पुन्हा आत गेला.

जाताना त्याच्या ध्यानात आलं. ती जिवंत असली तरी ओ देणार नाही. त्यानंच तिच्या तोंडाला कुलूप घातलं होतं. "आवाज माजा असला तरी न्हाई." नुसती हाक मारून भागायचं नाही. असं काही म्हणायला हवं होतं, जे चकव्याला म्हणता येणार नाही. चकव्याला साऱ्या गावाची नावं ठाऊक असतील, पण तो काही पुंजारामच्या लग्नाला जेवायला नव्हता.

तो कारवीच्या कडेला उभा राहिला. त्यानं डोळे मिटले आणि पंचवीस वर्षांत जे तोंडातून काढलं नव्हतं ते काढलं.

"डोंगराच्या कडेला करवंदाची जाळी," तो ओरडला. "जाळीत वाघ असंल, मला भ्या वाटतंय, भागूबाई."

मग खालून, पार पायांच्या खालून, एक दमलेला आवाज आला. त्यात हसू होतं.

"जाळीत वाघ न्हाई, मीच हाय. पुंजारामराव, जपून या खाली."

ती कड्याच्या पोटातल्या एका घळीत अडकली होती. परत येताना धुक्यात वाट सुटली, पाय घसरला आणि दोन पुरुष खोल खाली गेली. तिथं कारवीच्या बुंध्यांनी तिला धरलं. तिच्या पुढं हातभर जागा आणि त्यापुढं काहीच नाही. डावा पाय नडगीत मोडला होता. पुंजारामनं डोक्याचा पटका सोडून झाडाला बांधला आणि त्याला धरून खाली उतरला. खाली काय आहे ते त्यानं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उतरला नसता, हे त्यालाही ठाऊक होतं.

पाय बांधायला काठ्या हव्या होत्या. जवळ दुसरं काही नव्हतं. पुंजारामनं कारवीच्या एका बुंध्यावर हात ठेवला आणि तो तसाच थांबला.

"आई, दोन घेतो," तो म्हणाला. "पाय बरा झाला की आनून दीन."

आणि ज्यानं उभ्या जन्मात तिथली काटकी उचलली नव्हती, त्यानं दोन काठ्या काडकन मोडल्या. आकाश कोसळलं नाही. पुंजारामनं तरी एकदा वर बघून घेतलंच.

तिला वर काढताना त्याचे तळहात सोलून निघाले. पाठीवर घेऊन तो डब्याच्या आवाजाच्या रोखानं उतरला. राईच्या तोंडाशी त्यानं दोघांच्या वहाणा उचलून तिच्या हातात दिल्या. काठावर सरांनी आणि पोरांनी तिला अलगद होडीत घेतलं. फांदी आणणारा मुलगा तिच्या पायाकडं बघून रडत होता. तिनंच त्याची समजूत काढली.

धुक्यात होडी हळूहळू निघाली. भागूबाईचं डोकं चष्मेवाल्या मुलीच्या मांडीवर होतं. पुंजाराम वल्हं मारत होता. त्यानं विचारलं, "माजी हाक ऐकू आली न्हाई व्हय?"

"पयलीच आली की."

"मंग गप का बसलीस? मी हिकडं मेलो असतो."

"तुमी वचान घेतलं हुतं. म्हनला हुता, येईन, तोंड दावीन. म्हनून वाट बगत बसले."

पुंजारामचं वल्हं थांबलं. होडीत सहा माणसं ऐकत होती आणि त्याला लाज वाटत होती, पण त्याच्यानं राहवेना.

"मी एकदा पळालो हुतो," तो म्हणाला. "तुला टाकून. पार राईच्या तोंडापातूर."

"ठावं हाय," भागूबाई डोळे मिटून म्हणाली. "पळताना तुमी लई वाजता. जाताना बी ऐकलं, येताना बी ऐकलं."

"आन् मदी? मी येनारच न्हाई, असं न्हाई वाटलं तुला?"

भागूबाईनं डोळे उघडले आणि त्याच्याकडं पाहिलं.

"भ्यालं की तुमी पळताच," ती म्हणाली. "पन मला सोडून घरला कवा एकटं आलाय का?"

पुंजारामनं मान खाली घातली आणि वल्हं पुन्हा पाण्यात टाकलं. पलीकडच्या काठावर कुणीतरी कंदील लावला होता.